एका बंधूच्या घशासाठी

माझा आवाज पहिल्यांदा फाटला तेव्हा मी पेत्र होतो. दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, आरशासमोर, खांद्यावर टेबलक्लॉथ टाकून.

ज्यांना पेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. येशूच्या बारा शिष्यांतला हा कोळी. कुणी प्रश्न विचारायच्या आत उत्तर देणारा. पाण्यावर चालायला उतरला आणि दोन पावलांनी बुडायला लागला. सगळे पळाले तरी मी पळणार नाही, असं जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला. मग गुरूला अटक झाली, आणि हा अंगणातल्या शेकोटीपाशी हात शेकत तीन वेळा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं गुरूने आधीच सांगितलं होतं. तेवढ्यात कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन रडला.

ईस्टरच्या आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या मराठी मंडळीत ही गोष्ट मी सांगतो. अकरा वर्षं झाली. तालीम मी पाच-सहा महिने आधीच सुरू करतो. सगळ्या भूमिका मीच करतो. कोंबडासुद्धा. लहान मुलं खरं म्हणजे कोंबड्यासाठीच येतात.

"पप्पा, युअर रूस्टर साउंड्स लाइक अ डाइंग प्रिंटर," दारातून बेकी म्हणाली. बेकी म्हणजे रिबेका, माझी सोळा वर्षांची मुलगी. जन्म दुबईचा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

मी पुन्हा आरवून पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर होतं.

चिठ्ठी

माझं काम बोलण्याचं. बांधकाम कंपनीत मी सेफ्टी ट्रेनर आहे. रोज सकाळी साइटवर दीडशे माणसांना हिंदीत सांगायचं, हार्नेस का लावायचा, हेल्मेटचा पट्टा का बांधायचा, उन्हात पाणी कधी प्यायचं. मी वरून पडणारा माणूस करून दाखवतो, क्रेन करून दाखवतो. लोक हसतात आणि लक्षात ठेवतात. त्यामुळे आवाज बसला तेव्हा मी म्हणालो, धूळ आहे. महिन्याने म्हणालो, एसी आहे. तिसऱ्या महिन्यात काही म्हणायला आवाजच पुरेना, तरी ज्येष्ठमध चघळत मी तेच म्हणत राहिलो.

"अहो, डॉक्टरकडे जा," माझी बायको शालिनी रोज म्हणायची. ती ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवते. एकच वाक्य रोज न कंटाळता म्हणण्याची तिला सवय आहे.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. मी चिठ्ठी लिहिली.

आमची मंडळी म्हणजे दुबई-शारजातली चाळीसेक कुटुंबं. अहिल्यानगर, सोलापूर, जालना, पुणे अशी कुठून कुठून आलेली. शनिवारी संध्याकाळी ऊद मेथात चर्चच्या आवारातली जिन्यावरची एक खोली दीड तास आमची असते. आमच्यानंतर तमिळ मंडळी. आम्ही लांबलो की त्यांचा ढोलकवाला दारात येऊन घड्याळाकडे बघत उभा राहतो. या खोलीत बिस्किटांचा एक रिकामा निळा डबा असतो. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. नाव घालायलाच हवं असं नाही. व्हिसा, दहावी, सासूबाईंचे गुडघे, सगळं त्या डब्यात येतं. आणि चिठ्ठ्या काढून, वाचून, मोठ्याने प्रार्थना कोण करतं? मी.

एका शनिवारी मी डाव्या हाताने लिहिलं: "एका बंधूच्या घशासाठी प्रार्थना करावी." डब्यात टाकलं. अर्ध्या तासाने मीच ते काढलं, भुवया उंचावून वाचलं, थोडा थांबलो, आणि त्या अनोळखी बंधूसाठी अशा कळकळीने प्रार्थना केली की मागच्या रांगेत दोन बायकांनी डोळे पुसले. माझ्यासकट सगळे आमेन म्हणाले. अभिनय म्हणून पाहिलं तर तो माझा सर्वांत चांगला प्रयोग असेल.

डोळे उघडले तेव्हा सगळी खोली साळवेकाकांकडे बघत होती.

साळवेकाका साठीचे. एका गोदामात स्टोअरकीपर, करामाला एका खोलीत एकटे राहतात. पत्नी वारल्या. धुळीने त्यांना बारा महिने खोकला. मंडळीने हिशेब जुळवला, आणि त्या आठवड्यापासून काकांच्या दाराशी चिकन सूपचे डबे जायला लागले. आमच्या घरूनही गेला. शालिनीने केला, मी पोचवला.

जिन्यात काकांनी मला थांबवलं. "उल्हास, तो बंधू तू तर नव्हेस ना रे?"

"मी? काका, काहीतरीच काय!"

ही पहिली वेळ.

शालिनीचे कान

दुसरी वेळ ऑफिसात. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, व्हॉट हॅपन्ड टु युअर व्हॉइस?" मी म्हणालो, "नथिंग सर, ओन्ली एसी."

तिसरी वेळ हॉस्पिटलात. शालिनीने शेवटी स्वतःच अपॉइंटमेंट घेऊन मला ओढत नेलं होतं. कान-नाक-घशाच्या विभागाबाहेर आम्ही बसलो होतो आणि समोरून आल्या आमच्या मंडळीतल्या पगारेवहिनी, धाकट्याचं नाक दाखवायला.

"भाऊ, तुम्ही इकडे?"

"शालिनीला घेऊन आलोय," मी म्हणालो. "तिचे कान."

शालिनी माझ्या शेजारीच बसली होती. तिने वहिनींकडे बघून हसून मान हलवली. वहिनी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "का-ळ-जी घ्या हं!" आणि गेल्या.

डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला, आत पाहिलं, तुकडा काढून तपासायला हवा म्हणाले. गाडीत बसल्यावर शालिनीने पट्टा लावला आणि समोर बघत विचारलं, "माझ्या कानांना काय झालंय?"

"अगं, पटकन तोंडातून गेलं."

"मला सगळं नीट ऐकू येतं. तुम्ही तिथे माझ्यावर ढकललंत, तेही ऐकू आलं."

कुठे कोंबडा आरवला नाही. पण मी माझ्या अकरा वर्षांच्या गोष्टीतला तो क्षण ओळखला. मी त्याला नेहमी फार आवाज लावायचो. प्रत्यक्षात तो अगदी छोटा असतो. माणूस सहज, हसत, समोरच्याला बरं वाटावं म्हणून एक वाक्य बोलतो, आणि शेजारी बसलेलं माणूस एकटं पडतं.

निदान

डॉक्टर इजिप्तचे. जाडजूड, हळू बोलणारे. त्यांनी स्क्रीनवर माझी स्वरतंतूंची जोडी दाखवली. मी थक्क झालो. एवढ्याशा दोन पट्ट्यांवर माझा संसार चालला होता! एकीवर पांढुरका डाग होता. त्यांनी त्या डागाचं नाव सांगितलं. ते नाव सगळ्यांना माहीत आहे.

पुढे ते म्हणाले, लवकर सापडलंय. सहा-सात आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. जिवाला बहुतेक धोका नाही. आवाजाबद्दल मात्र आत्ता शब्द देता येत नाही. परत येईल, वेगळा येईल, किंवा फारसा येणार नाही.

खरं सांगतो, पहिल्या बातमीने जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. माझा जीव मला माझ्या आवाजापासून वेगळा काढताच येत नव्हता. आवाज नसलेला उल्हास कोण, हे मला माहीत नव्हतं. आणि लोकांना तो आवडला असता का, याचीही खात्री नव्हती.

मी विचारलं, "डॉक्टर, मला पुन्हा कोंबडा करता येईल?"

त्यांना कळलं नाही. शालिनीने डोळे पुसत इंग्रजीत समजावलं. त्यांनी प्रश्नावर गंभीरपणे विचार केला.

"रूस्टर? इन्शाल्ला," ते म्हणाले. "बट नॉट धिस इयर."

घरी बेकीला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती आधी विचारात पडली, मग तिचा चेहरा बदलला.

"वेट. द स्लिप. दॅट वॉज यू?"

मी मान हलवली.

"यू मेड मी से आमेन फॉर यू अँड आय डिडन्ट इव्हन नो इट वॉज यू." आणि ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सूप

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी करामाला साळवेकाकांकडे गेलो. वाक्यं पाठ करून. पहिल्या वाक्याच्या मध्यावर काकांनी हात वर केला.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच शनिवारपासून. अरे, घशासाठी प्रार्थना करताना तुझाच घसा फाटत होता. बाकी लोक डोळे मिटून होते, मी कान उघडे ठेवून होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? लोक तुम्हालाच आजारी समजत होते."

काकांनी फ्रिज उघडून दाखवला. वरपासून खालपर्यंत डबे. "समजू देत. तू सांगेपर्यंत कुणीतरी तो बंधू व्हायला हवं होतं. मी म्हटलं, आपण होऊ." मग खोकले. "पण आता पुरे. तीन आठवडे तुझं सूप मी पितोय. पगारेवहिनी मीठ फार घालतात. आता तू सांग आणि तुझं तू पी."

मी हसलो आणि मग मला हसणं थांबवता आलं नाही, आणि ते हसणं नव्हतं हे दोघांनाही कळलं. काकांनी सूप गरम केलं. खरंच खारट होतं.

त्या शनिवारी मी डब्यात हात घातलाच नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "तो बंधू मी आहे. काकांना काही झालेलं नाही. शालिनीचे कानही उत्तम आहेत." आवाज शेवटच्या शब्दाला पूर्ण गेला. दारात तमिळ ढोलकवाला उभा होता. एक शब्द कळला नसेल, पण त्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं. त्या दिवशी त्यांची मंडळी वीस मिनिटं बाहेर जिन्यात थांबली.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती फक्त आमच्या चाळीस कुटुंबांबद्दल नाही. आपल्या मंडळ्यांत साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात, ती बरं झाल्यावर. व्हिसा आला, साक्ष. ऑपरेशन यशस्वी झालं, साक्ष. प्रकरण अजून मध्येच असलेल्या माणसाला आपण माइक देत नाही, आणि तोही मागत नाही. मग तो डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहितो. मला वाटत होतं की आजारी पडणं म्हणजे माझ्या विश्वासाला भोक आहे आणि ते लोकांना दिसेल. माझ्या रांगेत अशी भोकं घेऊन किती जण बसले होते, ते मी उभा राहिल्यानंतरच्या पंधरवड्यात कळलं. एकाने मधुमेह सांगितला, एकीने औषधाच्या गोळ्या, एकाने नोकरी गेल्याला चार महिने झाल्याचं. डबा ओसंडला, आणि चिठ्ठ्यांवर नावं होती.

मुखवटा

रेडिएशनसाठी चेहऱ्याचा आणि मानेचा साचा करतात. गरम, ओल्या जाळीचा कागद चेहऱ्यावर दाबतात आणि तो तुमच्याच आकारात कडक होतो. नाटकवेड्या माणसाला याहून मोठा मान कोणता! रोज सकाळी मला टेबलावर झोपवून तो मुखवटा चढवायचे आणि खटखट करत कडेने टेबलाला अडकवायचे. मग सगळे बाहेर. मी आत, हलायचं नाही, गिळायचं नाही. मशीन माझ्याभोवती फिरायचं.

पहिल्या दिवशी मी घाबरलो. हात वर केला, त्यांनी मशीन थांबवलं. फिलिपिनो टेक्निशियन आली आणि म्हणाली, "सर, इट्स ओके. टुमॉरो यू विल बी बोअर्ड." तिचं खरं ठरलं. चौथ्या दिवसापासून मला कुतूहल वाटायला लागलं. मुखवट्याच्या जाळीतून छताचा एकच चौकोन दिसायचा. तेवढ्या वेळात मी रोज पेत्राला एक प्रश्न विचारायचो. पाण्यात पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा पाणी गार होतं का? रडल्यानंतर तू कुठे गेलास? शुक्रवारी गुरूला क्रुसावर मारलं, रविवारी तो उठला, मग मधल्या शनिवारचा अख्खा दिवस तू काय केलंस? पेत्राच्या त्या शनिवारबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही. मला तो शनिवार फार जवळचा वाटायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात आवाज गेला. गिळणं म्हणजे काचा. मानेची कातडी भाजल्यासारखी लाल. बोलायचं नाही, असा हुकूम. मी पाटी घेतली, पण पाटीवर विनोद लिहीपर्यंत त्याची वेळ निघून जाते. जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदाच मला कळलं की माझ्या घरात इतर दोन माणसं बोलतात. शालिनी छान नकला करते! शाळेच्या सुपरवायझरची तर अप्रतिम. वीस वर्षांत तिला मध्ये जागाच मिळाली नव्हती.

मानेला मलम लावायला मी तिला हात लावू देत नव्हतो. मी पाटीवर लिहिलं, "माझं मी करतो." आरशात बघत चुकीच्या जागी लावायचो. एके दिवशी तिने पाटी काढून घेतली. "पेत्राने येशूकडून पाय धुवून घ्यायला आधी नकार दिला होता ना? तुम्ही दर वर्षी तो प्रसंग करता. लोक हसतात. आता मान वर करा."

मी मान वर केली. पेत्राला गुरूसाठी मरायची तयारी होती, पण त्यांच्याकडून पाय धुवून घ्यायची नव्हती. मरायच्या घोषणेत आपण मोठे दिसतो. पाय दुसऱ्याच्या हातात दिले की टाचांच्या भेगा दिसतात. मलमाचा हात थंड होता.

बेकी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्याच दिवसांत नगरहून माझ्या आईचा फोन आला. मला बोलता येईना, शालिनी बाहेर गेलेली. बेकीने फोन घेतला आणि मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत सुंदर मराठी ऐकलं.

"आजी, पप्पा बोलत नाही. नाही, रागावला नाही. डॉक्टरने त्याला गप्प केला आहे. हो. आम्ही पण एन्जॉय करतो." मग थोडं थांबून, "नाही आजी, मी रडत नाही. थोडी रडते." फोन ठेवून ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी पाटीवर "सॉरी" लिहिलं. तिने ते पुसलं आणि लिहिलं, "नेक्स्ट टाइम पुट युअर नेम."

काकांचा पेत्र

गुरुवार आला. पेत्राची गोष्ट त्या वर्षी साळवेकाकांनी सांगितली. खुर्चीवर बसून, टेबलक्लॉथशिवाय, सहा मिनिटांत. कोंबड्याच्या जागी ते फक्त "मग कोंबडा आरवला" म्हणाले. मुलं निराश झाली. मी पहिल्या रांगेत गळ्याला रुमाल बांधून बसलो होतो, आणि ती गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

काका शेवटी म्हणाले, "मला एक कळत नाही. त्या अंगणात पेत्राने काय केलं, हे लोकांना सांगितलं कोणी? बहुतेक शिष्य पळून गेले होते. शेकोटीपाशी त्याला ओळखणारी दासी काही पुस्तक लिहायला बसली नाही. मला वाटतं, पेत्रानेच सांगितलं असणार. मंडळीचा पुढारी झाल्यावर. जिथे जाईल तिथे."

मी खुर्चीत ताठ झालो. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या फजितीवर टाळ्या मिळवल्या होत्या आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो माझ्याच जातीचा निघाला. गोष्टी सांगणारा! फरक एवढाच की त्याने स्वतःची सर्वांत वाईट गोष्ट निवडली आणि ती न सजवता सांगितली. त्यामुळे कितीतरी लोकांना आपली सांगायचं बळ आलं असेल. काकांचं म्हणणं पंडितांना पटेल की नाही, ठाऊक नाही. मला ते पटलं, म्हणून तर हे लिहितोय.

तपासणी

रेडिएशन संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा कॅमेरा. डॉक्टर म्हणाले, "से ईईई." मी म्हणालो. खरखरीत, खालच्या पट्टीतला, एखाद्या ट्रकने गिअर बदलावा तसा आवाज आला, पण आला. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. शालिनीने माझी बाही घट्ट धरली होती.

"क्लीन," ते म्हणाले. "धिस इज युअर व्हॉइस नाऊ. यल्ला, गो होम. डोन्ट शाउट."

शालिनी फाइलचं काम करायला काउंटरवर गेली आणि मी बाहेर खुर्चीवर बसलो. माझ्यापाशी आवाज होता. जुना नाही, पण माझा. आणि पोटात सात महिन्यांच्या गोष्टी साठल्या होत्या. शेजारी एक पेशावरचा माणूस बसला होता. पन्नाशीचा, दाढीत मेंदी, हातात नवी कोरी फाइल. फाइल तो उलटी धरून बसला होता.

"पहली बार?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. माझा आवाज ऐकून त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी श्वास घेतला. आता मुखवटा सांगू की सूप सांगू, असं मनात होतं. तेवढ्यात तोच बोलायला लागला. आजाराबद्दल एक अक्षर नाही. तो चालवायचा त्या मालवाहू ट्रेलरबद्दल. रास अल खैमाच्या रस्त्यावर एकदा समोर उंट आला होता, त्याबद्दल.

गोष्ट तो फार वाईट सांगत होता. शेवट आधीच सांगून बसला. उंट कोणत्या बाजूने आला ते दोनदा बदललं. मध्येच चुलतभावाचं लग्न आणलं. मला किमान चार जागी दुरुस्ती दिसत होती, आणि उंट तर मी उठून करूनच दाखवला असता. पण बोलता बोलता त्याने फाइल मांडीवर ठेवली होती आणि तो दोन्ही हातांनी रस्त्याची वळणं दाखवत होता.

"फिर?" मी विचारलं.

शालिनी आली. "झालं. निघायचं ना? बेकी तीनदा फोन करून विचारतेय."

"तिला सांग, सगळं ठीक आहे," मी माझ्या नव्या आवाजात म्हणालो. "आणि तू बस जरा. यांचा उंट अजून रस्त्यातच उभा आहे."